राजगड तालुक्याची माहेरवाशीण

माझं माहेर विंझर. पुण्यात एवढं सांगून भागत नाही. समोरचा माणूस नुसता बघत राहतो, मग मी एकेक पायरी उतरत जाते. वेल्ह्याच्या अलीकडे. नाही? चेलाडी फाट्यावरून आत, मार्गासनीच्या पुढं. नाही? बरं, भोरकडे. इथं निम्मे लोक 'अच्छा, अच्छा' म्हणतात आणि त्यांच्या डोळ्यांपुढं भोरचा राजवाडा नाहीतर भाटघरचं धरण येतं. त्या दोहोंशी माझ्या गावाचा तसा काही संबंध नाही, पण मी मान हलवते. उरलेल्यांसाठी शेवटचा पत्ता राखून ठेवलेला असतो: राजगड आणि तोरण्याच्या मधे. तो ऐकला की चेहरा उजळतो. 'वा! म्हणजे थेट महाराजांच्या मुलखातल्या तुम्ही!'

गाव तेच, दक्षिणेचा राजगड तोच आणि मावळतीचा तोरणाही तोच. पण भोरकडची म्हणवून घेताना मी जरा खांदे पाडून उभी असते, हातात एसटीतून उतरल्यासारखी पिशवी असते. आणि राजगड-तोरण्याची म्हणताना पाठ आपोआप ताठ होते. एका वाक्याच्या अंतरावर दोन बायका उभ्या असतात. दोन्ही खोट्या नाहीत.

माझी आत्या परळला नांदायला गेली आणि चाळीत जन्मभर 'आम्ही पुण्याचे' म्हणून राहिली. लग्नाआधी तिनं पुणं पाहिलं होतं ते स्वारगेटच्या स्टँडापुरतं. पण चाळीतल्या कोकणी शेजारणींमध्ये पुण्याचं म्हणवून घेण्याला वजन होतं, आणि ते वजन तिनं इतकं मनापासून अंगावर घेतलं, की मे महिन्यात विंझरला आली की तिला पेल्यातला चहा चालेना. कपबशी लागे. आम्ही पोरं हसायचो. आई हसायची नाही. आई म्हणायची, 'तिकडं तेवढंच हाय तिच्याकडं.'

आबांना मात्र आपण कुठले आणि कोण हा प्रश्न पडलेला मी कधी पाहिला नाही. त्यांचा व्यवहार ज्या माणसांशी होता, ती त्यांना खाचरावरून ओळखत. ओढ्याच्या वरचं खाचर कसणारे, म्हणजे ते. पावसाळ्यात डोक्यावर इरलं, गुडघ्याइतका चिखल, आवणी उरकली की मग 'येल्ह्याला जाऊन येतो' म्हणून निघायचे, आणि तिथं कचेरीत कुणी व्यवसाय विचारला तर गोंधळायचे. 'म्हंजे? भात करतो की.'

मला पहिली पाटी लग्नानंतर लागली. ती होती 'मावळातली'. आम्ही तेव्हा धनकवडीत चौथ्या मजल्यावर राहायचो. लिफ्ट नव्हती आणि उन्हाळ्यात पाणी वर चढत नसे. सासूबाई शेजारपाजारी कौतुकानं सांगायच्या, 'आमची सून मावळातली आहे हो, डोंगर चढलेली. हिला जिन्याचं काय!' कौतुक खरं होतं, त्यात लबाडी नव्हती. फक्त त्या कौतुकाला दोन्ही हातांत एकेक बादली होती. मी चार मजले पाणी चढवलं. गंमत अशी, की काही दिवसांनी कुणी म्हणायचीही गरज उरली नाही; मीच स्वतःला मावळातली म्हणू लागले. ताप असला तरी पडून राहायची लाज वाटे. मावळातल्या बाया कुठं दमतात? खरं तर माझी आई दमत होती, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आवणीच्या दिवसांत संध्याकाळी ती ओसरीवर भिंतीला टेकून बसायची, तेव्हा तिला उठवायची कुणाची छाती नसे. पण लोकांनी दिलेलं आणि आपण घेतलेलं नाव एकदा अंगात मुरलं, की डोळ्यांनी पाहिलेलंही मागं पडतं.

माझं नावसुद्धा बदललं होतं. ताटात तांदूळ पसरले होते, आमच्याच खाचरातली इंद्रायणी, आणि नवऱ्यानं अंगठीच्या टोकानं त्यात तीन अक्षरं काढली. फोटोवाल्याचं आटोपल्यावर कुणीतरी ताट उचललं, अक्षरं मोडली आणि तांदूळ डब्यात गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा भात झाला असणार. त्या तीन अक्षरांवर रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, मुलांच्या शाळेचे दाखले, सगळं उभं राहिलं. विंझरच्या वेशीत शिरले की मात्र जुन्याच नावाची हाक येते, आणि त्या हाकेला 'ओ' देणारा आवाजही वेगळा असतो. थोडा चढा, थोडा बेफिकीर. नव्या नावाच्या बाईला तो आवाज काढता येत नाही.

म्हणून तालुक्याचं नाव बदलणार हे कळलं, तेव्हा मला त्यात एका लग्नघराची गडबड दिसली. बहुतेक ग्रामपंचायतींनी तसे ठराव केले होते, जिल्हा परिषदेनंही केला होता. मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला मंजुरी दिली आणि 2025 साली ते कायम झालं. त्याच मार्चमध्ये आणखी एक निर्णय झाला, त्याची आमच्याकडं फारशी चर्चा झाली नाही: 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर त्यांच्या नावापुढं आधी आईचं नाव येणार, मग वडलांचं, मग आडनाव. तालुक्याच्या नावासाठी गुलाल उधळला गेला. आईच्या नावासाठी कुणी पेढासुद्धा वाटला नाही. मी वाटला, पण तो घरातल्या घरात.

नाव नवं, असं आपण म्हणतो. या मुलखात ते तितकंसं नवं नाही. पंत सचिवांच्या भोर संस्थानात पाच तालुके होते आणि त्यांची नावं गडांवरूनच होती: विचित्रगड, सुधागड, राजगड, प्रचंडगड, पाचवा तेवढा पवनमावळ. 1948 साली संस्थान विलीन झालं आणि ही नावं दप्तरात गेली. म्हणजे आज राजगड तालुका म्हणून नवी पाटी लागली, ती आजोबांच्या पेटीतलं उपरणं बाहेर काढून नातवाच्या खांद्यावर टाकावं तशी. माप जुळतं की नाही, ते वापरून कळेल.

नावं कशी टिकतात आणि कशी गळून पडतात, हे या दोन गडांइतकं स्वच्छ मला दुसरीकडं कुठं दिसलं नाही. मुरुंबदेवाच्या डोंगराला महाराजांनी राजगड हे नाव दिलं. तोरण्याला प्रचंडगड दिलं. देणारा एकच, आणि काळही जवळपास तोच. राजगड लोकांच्या तोंडी इतकं बसलं, की मुरुंबदेव सांगायला आता इतिहासाचा मास्तर लागतो. प्रचंडगड मात्र पुस्तकात राहिलं. विंझरच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, तो बोट करून 'त्यो तोरणा' असंच म्हणेल. 1704 साली औरंगजेबानं दोन्ही गड घेतले आणि दोघांना नवी नावं ठेवली, राजगडाचं नबीशाहगड आणि तोरण्याचं फुतूहुल्गैब. ती नावं कागदाबाहेर पडलीच नाहीत. मला वाटतं, हुकूम करणारा किती मोठा यावर हे ठरत नसावं. राजगडावर पंचवीसेक वर्षं राजधानी नांदली. तिथं चुली पेटल्या, न्यायनिवाडे झाले, माणसं जन्मली आणि मेली. त्या नावाखाली कुणीतरी राहिलं. प्रचंडगड म्हणून तोरण्यावर तितकं राहणं झालं नाही.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात राजगड आहे आणि तोरणा नाही. पारावर त्यावरही बोलणं झालं. 'तोरण्यानं काय घोडं मारलं?' असा एकानं सवाल टाकला. दुसरा म्हणाला, 'त्याला फरक पडतोय का बघ की.' सगळ्यांनी मावळतीकडं पाहिलं. त्याला पडला नव्हता.

माणसांना पडतो. पलीकडच्या रोहिड खोऱ्यात कारीच्या कान्होजी जेध्यांना 1659 साली विजापूरचं फर्मान आलं. अफझलखान निघाला आहे, त्याला येऊन मिळा. न मिळाले तर देशमुखी जाणार, हे उघड होतं. आणि देशमुखी म्हणजे नुसतं उत्पन्न नव्हे. मावळातल्या देशमुखांना आपली ओळख म्हणजेच वतन. एका वतनापायी भाऊबंदांनी एकमेकांची डोकी फोडल्याच्या कथा या खोऱ्यांच्या कागदांत पानोपानी आहेत. कानद खोऱ्याच्या मरळांना झुंझारराव म्हणत, गुंजण मावळच्या शिळिमकरांना हैबतराव; हे किताब पागोट्यासारखे डोक्यावरच बसलेले. त्याच रोहिड खोऱ्यातले खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. कान्होजींनी महाराजांसमोर वतनावर पाणी सोडलं. आम्हाला शाळेत हा प्रसंग स्वामिनिष्ठेचा म्हणून शिकवला. आता वाचताना मला त्यात दुसरंही दिसतं. 'मी देशमुख' हे वाक्य ज्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या बोललं गेलं, तो माणूस ते वाक्य खाली ठेवतो आणि उरलेल्या माणसानिशी उभा राहतो. पाणी ओंजळीतून सुटलं त्या घटकेला कान्होजी कोण होते?

वतन हा शब्द मात्र गावात दोन टोकांना राहत होता. वाड्यात त्याचा मान होता. गावकुसाबाहेर तेच वतन म्हणजे रात्री-अपरात्री यायची हाक, मेलेलं जनावर ओढायचं, सांगावा घेऊन पळायचं आणि बदल्यात बलुतं मागायचं. ते गळ्यातून निघावं म्हणून बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचं बिल मांडलं. कायद्यानं ही वतनं संपायला 1958 उजाडलं. एकानं वतन सोडलं त्याचा पोवाडा झाला. दुसऱ्यांना आपलं वतन सुटावं म्हणून तीस वर्षं भांडावं लागलं.

त्या कायद्याच्या दोन वर्षं आधी, 14 ऑक्टोबर 1956 ला, नागपुरात बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याची लाट आमच्या डोंगरापर्यंत यायला फार दिवस लागले नाहीत. शाळेतली माझी मैत्रीण तिच्या आजोबांची गोष्ट सांगायची. आजोबा नागपूरला गेले नव्हते. जवळच्या गावी नंतर दीक्षेचा कार्यक्रम झाला, तिथून आले, देव्हाऱ्यातले टाक टोपलीत भरले आणि नदीवर जाऊन सोडून आले. आजी रडली म्हणे. पण खरी गोष्ट पुढची आहे. तोवर गावात त्यांना अर्ध्या नावानं हाक मारायचे, जशी त्या वस्तीतल्या सगळ्यांनाच मारायचे, लहान पोरंसुद्धा. दीक्षेनंतर आजोबांनी अर्ध्या नावाला ओ द्यायचं बंद केलं. भांडण नाही, तंडण नाही. हाक आली की हातातलं काम तसंच चालू. तीनदा, चारदा हाक मारून माणूस चिडायचा, शिव्या द्यायचा, जवळ यायचा. शेवटी कुणीतरी पूर्ण नाव घेतलं, आणि ते वळले. 'काय म्हणता?'

ही गोष्ट ऐकली तेव्हा मी चौदा-पंधराची असेन. त्या वेळी मला त्यात फक्त हट्ट दिसला होता. स्वतःला दिलेलं नाव म्हटलं, की आज मला दुसरं काही आठवत नाही, हेच आठवतं. त्या नावानं आजोबांच्या पदरात जमीन टाकली नाही, पैसा टाकला नाही. उलट सरकारी फॉर्मवर घोटाळाच झाला. महाराष्ट्रात बौद्धांना सवलती मिळाल्या, पण केंद्राच्या यादीत बौद्ध म्हणवून घेणाऱ्याला अनुसूचित जातीचा हक्क मिळायला 1990 पर्यंत थांबावं लागलं. मधली तीस-पस्तीस वर्षं कितीतरी घरांनी एक नाव मनात आणि एक कागदावर असं सांभाळलं. वस्त्यांच्या पाट्यांना तर अजून वेळ लागला. जातींची नावं काढून तिथं समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यावीत, हा राज्य सरकारचा निर्णय डिसेंबर 2020 चा. मैत्रिणीच्या आजोबांनी सरकारची वाट पाहिली नाही.

कागदावरच्या नावांचा खेळ आता आमच्या ओसरीवरही आला आहे. 2023 पासून जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तशी दादाचीही धावपळ सुरू झाली. वाड्यात लग्नपत्रिका छापताना नावाआधी 'श्रीमंत' लावणारी माणसं तहसील कचेरीच्या रांगेत कुणबी नोंद मिळते का बघत होती. मला आधी हसू आलं. मग दादाच्या सातबाऱ्याकडं पाहिलं आणि हसू गेलं. तीन भावांत वाटलेलं खाचर केवढं असणार? जोतीराव फुल्यांनी 1869 मध्येच शिवाजीराजांना कुळवाडीभूषण म्हटलं होतं, म्हणजे शेत कसणाऱ्यांचं भूषण. मधल्या दीडशे वर्षांत आम्ही कसणं सोडलं नाही, पण तसं म्हणवून घ्यायचं सोडलं, आणि आता ते नाव परत मागताना मोडीतल्या जन्ममृत्यूच्या वह्या उलटाव्या लागतात.

त्या वह्यांमुळं घरात एक नवलच झालं. दादाची मुलगी विंझरच्याच अमृतेश्वर महाविद्यालयात कला शाखेला. मुलगी हुशार, पण आडनाव सांगावं तसं सांगायची, 'आत्या, मी इंग्लिशमध्ये कच्ची.' एकदा मी तिला एका प्रयोगाबद्दल सांगितलं. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघी संशोधकांनी 2004 च्या सुमारास तो मांडला होता. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत त्यांनी मुलांना कागदावरची भूलभुलय्याची कोडी सोडवायला दिली. जात कुणाला ठाऊक नव्हती तेव्हा वरच्या आणि खालच्या म्हटल्या जाणाऱ्या जातींच्या मुलांना ती बरोबरीनं सुटली. मग सगळ्यांसमोर मुलाचं नाव, बापाचं नाव, जात वाचून दाखवली, आणि तीच कोडी खालच्या म्हटल्या जाणाऱ्या जातींच्या मुलांना जड जाऊ लागली. डोकं तेच होतं, कोडीही तीच होती.

भाचीनं ऐकून घेतलं, काही बोलली नाही. नंतर दादासाठी म्हणून ती मोडी शिकू लागली. कुठल्याशा वर्गाचे व्हिडिओ बघून, वहीत अक्षरं गिरवून. वळणं सरावाची झाल्यावर कचेरीतल्या नोंदींच्या फोटोंपुढं बसली आणि आमच्या पणजोबांच्या नावाची ओळ वाचून दाखवली. पुढं काय लिहिलं आहे त्यावर घरात अजून वाद आहे. शाई पुसट आहे. पण आता वाडीवस्तीवरची माणसं कागद घेऊन तिच्याकडं येतात. 'मोडी वाचणारी पोरगी' असं तिचं नाव पडलं आहे. इंग्लिशचं काय झालं, असं मी विचारलं, तर म्हणाली, 'ते पण येईल हो आत्या, लिपीच तर आहे.' पूर्वी ती हे वाक्य बोललीच नसती.

शनिवारी-रविवारी मार्गासनीच्या वळणावर उभं राहिलं की आणखी एक नाव घोंघावत जातं. मोटरसायकलींच्या मागं भगवे झेंडे, पाठीवर 'मावळा' छापलेले टी-शर्ट. मला पूर्वी त्यांचा राग यायचा. पाण्याच्या बाटल्या टाकून येणारा कसला मावळा! आता सरसकट तसं म्हणवत नाही. त्यांच्यातलीच काही पोरं पावसाळा संपला की घमेली-फावडी घेऊन गडावर जातात, टाक्यांतला गाळ उपसतात, ढासळलेले दगड रचतात. त्यांना घरी कुणी केर काढायला सांगितला तर काढतील की नाही, मला शंका आहे. अंगावर मावळा लिहिलं म्हणून ती गाळात उतरतात. तेच नाव दुसऱ्याला नुसतं ओरडायला लावतं. छपाई एकाच दुकानातली असते.

आणि या सगळ्यांच्या आधी, झुंजुमुंजूला, पायथ्याच्या वाडीतली एखादी बाई डोक्यावर ताकाचा कॅन घेऊन चढायला लागलेली असते. कुणी शहरातून आलेला धापा टाकत विचारतो, 'मावशी, तुम्ही रोज चढता?' मी अशीच एकदा शेजारी बसले होते, तेव्हा मिळालेलं उत्तर ऐकलं आहे: 'मग? ताक आपलं आपण चढतंय व्हय?' ती ट्रेकर नाही, तिच्या पाठीवर काही छापलेलं नाही. मावळातल्या बाया दमत नाहीत असं समोरच्या घोळक्यातलं कुणी म्हणालं, तेव्हा तिनं पदरानं मान पुसली आणि म्हणाली, 'दमत न्हाईत कशा? गुडघं बगा माजं.' चार मजले बादल्या चढवताना मला हे उत्तर सुचलं नव्हतं.

तेव्हा आमच्या तालुक्यात याल, तर त्याला वेल्हे म्हणा की राजगड, एसटीचा कंडक्टर तुम्हाला दोन्ही नावांवर तिकीट देईल. गडावर ताक घ्याल, तर किमतीत घासाघीस करू नका. आणि मावशी म्हणून भागवू नका; त्या बाईला तिचं नाव विचारा. माहेरचं विचारा आणि सासरचंही.